स्वस्त गाडीचा महाग संसार

आपल्या स्मरणिकेत वैद्यकीय विषयांवरील लेखांची परंपरा आहे. बालरोगतज्ज्ञाने लसीकरणाविषयी अथवा कुपोषणाविषयी लिहावे, ही वाचकांची अपेक्षाही स्वाभाविकच म्हणावी लागेल. त्या विषयांवर मी पूर्वी लिहिले आहे व पुढेही लिहीन. यंदा मात्र एका निराळ्याच दुखण्याविषयी लिहावयाचे योजिले आहे. हे दुखणे बहुधा वयाच्या पस्तिशीनंतर, व्यवसायाचा जम बसल्यावर, प्रामुख्याने पुरुष डॉक्टरांत आढळते. रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती न्याहाळणे हे त्याचे पहिले लक्षण. ‘एवढ्या पैशांत साधी नवी गाडी येते, मग हीच का घेऊ नये?’ हा प्रश्न घरच्या मंडळींना वारंवार विचारणे, हे दुसरे. वापरलेली, स्वस्तात मिळणारी स्पोर्ट्‌स कार विकत घेण्याची ओढ, असे या दुखण्याचे नाव सांगता येईल.

या ओढीला हसण्याचे कारण नाही. ज्याने तारुण्याची बारा-तेरा वर्षे ग्रंथालयात आणि वॉर्डात घालविली, त्याला चाळिशीच्या उंबरठ्यावर एखादी देखणी, वेगवान गाडी आपल्या दारात असावी असे वाटले, तर त्यात वावगे काय? शिवाय बाजारही त्याच्या मनासारखे बोलतो. नवी असताना साठ लाखांना विकली गेलेली जर्मन बनावटीची दोन आसनी गाडी दहा-बारा वर्षांनी पंधरा लाखांच्या आसपास मिळू शकते. छत बटण दाबताच मागे दुमडले जाते, आसने कातड्याची असतात, आणि रंगाला पॉलिश केले की वय दिसत नाही. विक्रेता सांगतो की, गाडी फार चाललेली नाही. पुष्कळदा ते खरेही असते.

प्रश्न आहे तो किंमत का उतरली, हा. वाहन विम्याच्या प्रचलित कोष्टकावरून हे चटकन ध्यानात येते. गाडीचे विम्यासाठीचे मूल्य दुसऱ्या वर्षात वीस टक्क्यांनी, तिसऱ्यात तीस, चौथ्यात चाळीस आणि पाचव्यात पन्नास टक्क्यांनी कमी धरतात. पाच वर्षांनंतर ते विमा कंपनी व मालक यांच्या परस्परसंमतीने ठरते. महागड्या गाड्यांचा खुला बाजार याहूनही निष्ठुर असतो. कारण तेथे पुढील मोठ्या दुरुस्तीची भीती किमतीतच उतरलेली असते. पहिल्या मालकाने गाडीचा उत्तम काळ भोगलेला असतो. दुसऱ्याने उरलासुरला. गिअर बॉक्स, सस्पेन्शन, टायर, छताची यंत्रणा यांचे खर्च जेथे एकत्र येऊन ठेपतात, त्या वळणावर गाडी विक्रीस निघते. म्हणजे किंमत कमी झाली असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात तिचा काही भाग पुढील बिलांच्या रूपाने आपल्याकडे सोपविलेला असतो.

बालरोगशास्त्राच्या पहिल्याच वर्गात शिकविले जाते की, मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ मनुष्य नव्हे. त्याच चालीवर म्हणावेसे वाटते की, पंधरा लाखांना मिळालेली साठ लाखांची गाडी म्हणजे पंधरा लाखांची गाडी नव्हे. वयाबरोबर विक्रीची किंमत उतरते. सुट्या भागांची, टायरांची, तेलाची, कुशल कामगाराच्या मजुरीची किंमत उतरत नाही. ते सर्व साठ लाखांच्या पायरीवरच राहते. या लेखात सांगावयाचे ते एवढेच. परंतु त्याचे पदर अनेक आहेत, आणि आपल्या भागात ते अधिकच बोचतात.

माझ्या हाताखाली निवासी डॉक्टर म्हणून काम केलेला एक तरुण आता धारवाडात स्वतंत्र व्यवसाय करतो. त्याचे मूळ घर जोयडा तालुक्यातील नंदिगड्ड्याचे. वडील अजून तेथेच सुपारीची बाग सांभाळतात. महिन्यातील एका रविवारी आम्ही दोघे तेथे मुले तपासावयास जातो. हल्याळ, दांडेली, जोयडा अशा मार्गाने एका बाजूचे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास भरते, आणि शेवटचा टप्पा दाट अरण्याचा. पावसाळ्यात तेथे पाऊस असा कोसळतो की, काच पुसणारे हात थकतात. कित्येक वळणांवर मोबाइलला रेंज नसते. अशाच एका प्रवासात त्याने विषय काढला. “सर, नव्या क्रेटाच्या पैशांत एक टू-सीटर मिळतेय. पुण्याची गाडी आहे. घेऊ का?” मी त्याला म्हटले, “घे किंवा घेऊ नकोस, ते मागाहून ठरव. आधी तिच्या संसाराचा हिशेब मांड.” तो आम्ही दोघांनी मिळून मांडला. त्यातील काही भाग येथे देत आहे.

पहिली बाब कराची. महाराष्ट्रातील गाडी कर्नाटकात कायमची आणावयाची, तर तेथील परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी येथे ठेवल्यास येथील नोंदणी घ्यावी लागते व आजीवन करही भरावा लागतो. वीस लाखांहून अधिक किमतीच्या खासगी गाडीस आपल्या राज्यात हा कर १८ टक्के, शिवाय उपकर. गाडीच्या वयानुसार त्यात घट मिळते हे खरे. परंतु मोजणीचा पाया गाडीची मूळ किंमत हा असतो, आपण मोजलेली किंमत नव्हे. साठ लाखांचे १८ टक्के म्हणजे १० लाख ८० हजार. वयाची घट वजा करूनही काही लाखांचा आकडा उरतोच. पंधरा लाखांची गाडी अठरा-वीस लाखांची होते ती अशी, एकही किलोमीटर चालविण्यापूर्वी. माझ्या तरुण मित्राच्या मनात हा आकडा नव्हता, आणि विक्रेत्याने तो काढण्याचे काही कारणच नव्हते.

पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांची गोष्ट आणखी निराळी. एप्रिल २०२२ पासून खासगी मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि आयात केलेल्या मोटारीस ४०,००० रुपये. वीस वर्षांपुढील गाड्यांसाठी २०२५ मध्ये ते दुप्पट करण्यात आले, म्हणजे अनुक्रमे १०,००० व ८०,०००. दिल्लीकडील गाड्या फार स्वस्त मिळतात, असे सांगणारे दलाल आपणा सर्वांना भेटलेले आहेत. त्या स्वस्ताईमागे तेथील दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरील निर्बंध आहेत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले आणि २०२५ मध्ये त्यात काही फेरफारही केले. तेथून गाडी बाहेर पडण्याची घाई विक्रेत्याला असते. घेणाऱ्याने ती का करावी?

आता वार्षिक खर्च. हिशेबासाठी धरून चालू की गाडी वर्षाला ६,००० किलोमीटर चालेल. लिटरला ८ किलोमीटर आणि पेट्रोल १०३ रुपये धरल्यास इंधनाचे ७७,२५० रुपये होतात. विमा ६०,०००. नियमित सर्व्हिसिंग ६०,०००. अठरा इंची चार टायरांचा संच सव्वा लाखाच्या घरात जातो. तो तीन वर्षे पुरला तर वर्षाचे सुमारे ४०,०००. गुंतविलेल्या पंधरा लाखांवर बँकेने सात टक्क्यांनी दिले असते ते १,०५,००० रुपये. आणि अवचित दुरुस्तीसाठी वर्षाला किमान दीड लाख बाजूला ठेवावेत, असे माझे मत. एकूण बेरीज ४,९२,२५० रुपये. किलोमीटरला ८२ रुपये झाले, आणि यात गाडीची पुढील घसरण अथवा वर सांगितलेला कर धरलेला नाही. धारवाड ते नंदिगड्डे व परत ही दोनशे किलोमीटरची फेरी या भावाने सोळा हजारांच्या पुढे जाते. या बेरजेत पेट्रोलचा वाटा सहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे, हे मुद्दाम पाहावे. जुनी गाडी घेताना आपल्याकडे ‘ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो. या प्रकारच्या गाड्यांत तो सर्वांत गौण प्रश्न आहे.

इंधनाविषयी एक गोष्ट मात्र नमूद करावयास हवी. २०२५ पर्यंत आपल्या देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात असा अंदाज दिलेला आहे की, मूलतः शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या व दहा टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकी गाड्यांत या मिश्रणाने इंधनक्षमता सहा ते सात टक्क्यांनी घटेल. ती घट सोसता येईल. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व सील यांना ते मानवेलच असे नाही, ही अधिक चिंतेची बाब. महिन्यातून दोनदाच बाहेर पडणाऱ्या, एरवी टाकीत पेट्रोल धरून उभ्या राहणाऱ्या गाडीला हे विशेष लागू आहे.

उभी राहणारी गाडी झिजत नाही हा समज आपल्याकडे रूढ आहे. यंत्राच्या बाबतीत तो अर्धाच खरा. टर्बोचे पाते मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते व त्याचे वंगण इंजिनाच्या तेलावरच अवलंबून असते. म्हणून तेल किती चालले यापेक्षा किती जुने झाले, हेही पाहावे लागते. टायमिंग बेल्ट किलोमीटर आणि वर्षे यांपैकी जे आधी पूर्ण होईल त्यानुसार बदलावयाचा असतो. तो तुटल्यास पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि काही हजारांचे काम काही लाखांवर जाते. कूलंटच्या प्लॅस्टिकच्या जोडण्या उष्णतेने ठिसूळ होतात. सस्पेन्शनचे रबरी बुश नुसत्या वयानेही तडकतात. दुमडत्या छताच्या कडेने पाणी वाहून जाण्यासाठी बारीक वाटा असतात. त्यांत पालापाचोळा अडकला की पाणी आत झिरपते आणि आसनाखालील इलेक्ट्रॉनिक पेट्यांपर्यंत पोहोचते. जोयड्याच्या पावसात, झाडाखाली उभ्या केलेल्या अशा गाडीचे काय होईल, हे सांगावयास मेकॅनिक नको. उंदरांचा तर मी उल्लेखच करीत नाही. सुपारीच्या बागेत वाढलेल्या माणसाला तो विषय माझ्याहून अधिक ठाऊक आहे.

गिअर बॉक्सविषयी थोडे अधिक लिहितो, कारण मोठे बिल बहुधा तेथूनच येते. आधुनिक स्पोर्ट्‌स कारमध्ये दोन क्लच असलेली स्वयंचलित यंत्रणा पुष्कळदा आढळते. एक क्लच विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम; म्हणून गिअर बदलताना शक्तीचा ओघ खंडित होत नाही. या दोहोंवर नियंत्रण ठेवणारी पेटी तेलाच्या दाबावर व इलेक्ट्रॉनिक आज्ञांवर चालते. ती बिघडल्यास साधा फिटर तिला हात लावू शकत नाही. बहुतेक वेळा पेटीच बदलावी लागते. गर्दीच्या रस्त्यावर इंचाइंचाने पुढे सरकणे हे या यंत्रणेस सर्वांत जाचक. हुबळीच्या बाजारपेठेतून रोज दवाखान्यात जाण्यासाठी अशी गाडी वापरणे म्हणजे शर्यतीच्या घोड्याला तेलाच्या घाण्याला जुंपणे होय.

टायरांबाबत आपल्या भागापुरती एक अडचण आहे. यांपैकी अनेक गाड्यांत स्टेपनी नसते. ‘रनफ्लॅट’ टायर असतात. हवा गेली तरी ते साधारणतः ताशी ८० किलोमीटरच्या आत वेग ठेवून सुमारे ८० किलोमीटर जाऊ शकतात. जर्मनीत पुढचे गॅरेज ऐंशी किलोमीटरच्या आत असणारच, असा त्यामागील हिशेब असावा. नंदिगड्ड्याहून निघालेल्या माणसाचे ऐंशी किलोमीटर धारवाडच्या अलीकडेच संपतात. वाटेतील दुकानांत त्या मापाचा टायर हजर असेलच, याची हमी कोण देणार? अशा गाडीचे पोट जमिनीपासून ११० ते १३० मिलिमीटरच उंच असते. आपल्या साध्या छोट्या गाड्यांचे १६० ते १७० च्या घरात. गावोगावचे गतिरोधक कोणत्या मापाने बांधतात हे मला आजवर कळलेले नाही, पण ११० मिलिमीटर डोळ्यांसमोर ठेवून खचितच नव्हे.

महाराष्ट्र व गोवा या आपल्या शेजारी मुलखांतील दोन गाड्यांची उदाहरणे येथे उपयोगी पडतील. औरंगाबादजवळील शेंद्रा येथील कारखान्यात २००१ पासून स्कोडा ऑक्टाव्हिया बनू लागली (शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर). २००४ मध्ये तिची ‘आर.एस.’ ही वेगवान आवृत्ती आली. इंजिन १.८ लिटरचे, टर्बोयुक्त, १५० अश्वशक्तीचे. युरोपात त्याच नावाची गाडी १८० अश्वशक्तीची होती. मिटल्या तोंडाची, चार दारांची, डिकी मोठी, आणि तरीही चपळ. अनेक डॉक्टरांनी ती त्या काळी हौसेने घेतली. पुढे तिची जुनी गाडी नव्या लहान गाडीहूनही स्वस्त झाली, आणि ज्यांनी केवळ तेवढे पाहून ती घेतली, त्यांच्या वाट्याला टर्बो, बेल्ट व सस्पेन्शन यांची बिले मूळ दर्जाच्या हिशेबाने आली. ज्यांनी कागदपत्रे पाहून, चांगला मेकॅनिक धरून घेतली, त्यांच्यापैकी काहींकडे ती अजूनही आहे व ते तिच्यावर जीव टाकतात. या नावाची मोहिनी ओसरलेली नाही. २०२० मध्ये तिच्या नव्या अवताराच्या २०० गाड्या भारतासाठी आल्या आणि २०२५ मध्ये केवळ १००, सुमारे पन्नास लाखांच्या भावाने. दहा वर्षांनी त्याही कोणाच्या तरी मोबाइलवर स्वस्तात दिसतील.

दुसरे उदाहरण गोव्याचे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तेथे ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनी गाडी तयार होऊ लागली. शरीर फायबरचे, रचना फ्रेंचांची, इंजिन रेनॉ कंपनीचे ११४९ सी.सी.चे, शक्ती साठ अश्वशक्तीच्या आसपास. चालविण्याचा खर्च साध्या गाडीसारखाच. येथे महागाईचे कारण वेगळे. गाडी फारच थोड्या संख्येने निघाली व उत्पादन पुढे बंद झाले. म्हणून काच, दिवा, दाराची कडी अशा क्षुल्लक वस्तूंसाठीही धावाधाव करावी लागते. एखादी गाडी तीन आठवडे गॅरेजमध्ये केवळ एका कडीसाठी उभी राहते, तेव्हा तो खर्च पैशांत मांडता येत नाही. पण तोही खर्चच.

विम्याकडे वळू. तृतीय पक्षाचा विमा स्वस्त असतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १५०० सी.सी.वरील खासगी मोटारीस तो ७,८९७ रुपये होता. खरी मेख स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईत आहे. दाव्यात रबर, प्लॅस्टिक, नायलॉनच्या भागांवर निम्मी रक्कम घसारा म्हणून कापली जाते, फायबरवर तीस टक्के, आणि दहा वर्षांपुढील गाडीच्या धातूच्या भागांवरही निम्मी. घसारामाफीची जोडणी इतक्या जुन्या गाडीस सहसा मिळत नाही. याहून महत्त्वाचे असे की, दुरुस्तीचा खर्च विमामूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी संपूर्ण नष्ट झाली असे मानतात. विमामूल्य पंधरा लाखांचे आणि भाग साठ लाखांच्या गाडीचे, हे गणित जमविल्यास मध्यम स्वरूपाच्या अपघातातही गाडी भंगारात का निघते, ते उमगते.

‘प्राप्तिकरातून सगळे सुटते’ असे सांगणारे हितचिंतकही भेटतात. व्यवसायासाठी वापरलेल्या मोटारीवर घसरत्या मूल्याच्या १५ टक्के घसारा मिळतो. पंधरा लाखांवर पहिल्या वर्षी सव्वादोन लाख. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या डॉक्टरचा प्रत्यक्ष कर वाचतो तो साडेसदुसष्ट हजार, तोही संपूर्ण वापर व्यवसायासाठी असेल तर. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत, म्हणजे ढोबळ जमेच्या निम्मे उत्पन्न धरणाऱ्या योजनेत विवरण भरणाऱ्यांस घसारा स्वतंत्र मिळतच नाही. रविवारी छत उघडून काढलेली सफर व्यावसायिक होती, हे करअधिकाऱ्याला पटविणे मला तरी जमणार नाही.

येथपर्यंत पैशांची गोष्ट झाली. आता माझ्या विषयाची. माझ्या या मित्राला तीन वर्षांची मुलगी आहे. दोन आसनी गाडीत मूल बसणार ते पुढे, चालकाच्या शेजारी. मागे तोंड करून बसविण्याचे बाळाचे आसन चालू एअरबॅगच्या समोर कधीही ठेवू नये. एअरबॅग पापणी लवण्याच्या आत फुगते व त्या आसनाला बाळाच्या मस्तकासह मागे ढकलते. मोठ्या मुलांनाही तेरा वर्षांपर्यंत मागील आसनावरच बसवावे, असा जगभरच्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने अथवा बालआसनाने सुरक्षित केलेले नसल्यास हजार रुपये दंड आहे. तो फारसा कोणी वसूल करीत नाही ही गोष्ट वेगळी. काही गाड्यांत पुढील एअरबॅग किल्लीने बंद करण्याची सोय असते. ती असेल तर बालआसन ठेवता येते. पण मग मुलीची आई कोठे बसणार? आईच्या मांडीवर मूल, हा आपल्याकडचा नेहमीचा तोडगा. सौम्य धडकेतही आईचे हात ते मूल धरून ठेवू शकत नाहीत, आणि मूल एअरबॅग व आई यांच्यामध्ये सापडते. हा तोडगा मला कोणत्याही गाडीत मान्य नाही.

जुन्या एअरबॅगचे आणखी एक प्रकरण डॉक्टरांनी जाणून घ्यावे असे आहे. ताकाता या जपानी कंपनीने बनविलेल्या लक्षावधी एअरबॅगांत अमोनियम नायट्रेट हे स्फोटक द्रव्य होते. उष्णता व दमटपणा यांच्या दीर्घ सान्निध्याने ते बिघडते आणि अपघाताच्या वेळी इतक्या जोराने फुटते की, धातूच्या वेष्टनाचे तुकडे चालकाच्या मानेत व चेहऱ्यात घुसतात. यातून मृत्यू घडले. मोटार उद्योगातील ती सर्वांत मोठी परत-बोलावणी ठरली; होंडा, टोयोटा, बीएमडब्ल्यू यांसह अनेक कंपन्यांच्या गाड्या तीत होत्या आणि ताकाता २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. उष्णता, दमटपणा आणि गाडीचे वय या तिन्ही गोष्टी किनारपट्टीवरून आलेल्या जुन्या गाडीत एकत्र येतात. बदल मोफत करून मिळतो. परंतु दोन-तीन हातांतून फिरलेल्या गाडीच्या मालकाला ते पत्र पोहोचलेले नसते. तेव्हा चासी क्रमांक घेऊन त्या कंपनीकडे चौकशी करावी. दहा मिनिटांचे काम आहे, आणि गाडी पाहावयास जाण्यापूर्वीच ते उरकावे.

इतके सारे सांगूनही मी त्याला ‘घेऊ नकोस’ असे म्हटले नाही. ज्याच्या घरी रोजच्या वापराची दुसरी भरवशाची गाडी आहे, जो खरेदीच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाएवढी रक्कम वेगळी काढून ठेवू शकतो आणि ती पहिल्याच वर्षी गेली तरी ज्याच्या झोपेवर परिणाम होत नाही, त्याने अशी गाडी खुशाल घ्यावी. कर्ज काढून घेऊ नये. आणि रात्री नवजात अर्भकाच्या हाकेला धावून जाण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याची ती एकमेव गाडी असू नये. अर्भकाला श्वास लागलेला असताना मुंबईहून पंप यावयाचा आहे, हे कारण देता येत नाही. निवड करावयाची झाल्यास कमी किमतीच्या गाडीपेक्षा सर्व्हिसचे पूर्ण दप्तर असलेली, थोडी महाग गाडी केव्हाही परवडते. जुन्या बिलांवरचे किलोमीटर आणि मीटरवरचे किलोमीटर ताडून पाहावेत. टायरवर चार आकडी खूण असते. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. सहा वर्षांवरचा टायर नक्षी शाबूत असली तरी बदलावा लागेल असे धरावे. कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद आर.सी.वर झालेली आहे का ते पाहावे, आणि स्कॅनर लावून साठलेल्या तक्रारी वाचून घ्याव्यात.

आम्ही पुण्याची ती गाडी पाहिली. हुबळीचा एक जाणता मेकॅनिक बरोबर नेला होता. रंग उत्तम, छत सुरळीत उघडत होते, इंजिनाचा आवाज ऐकून माझा मित्र काही क्षण गप्पच झाला. मेकॅनिकने किल्ली अर्धी फिरविली आणि तक्त्यावरील दिव्यांकडे बोट दाखविले. इंजिन सुरू करण्यापूर्वी सर्व सूचनादिवे काही सेकंद लागून विझावयास हवेत. एअरबॅगचा दिवा लागलाच नाही. तो लागून राहिला असता तर बिघाड कळला असता. मुळीच न लागणे म्हणजे कोणीतरी तो बिघाड दिसू नये अशी व्यवस्था केलेली असण्याची शक्यता. विक्रेता म्हणाला, “दिवा गेला असेल, साहेब. दोनशे रुपयांचं काम.” मेकॅनिकने स्कॅनर जोडला. चालकाच्या आणि शेजारच्या, दोन्ही एअरबॅगांची जोडणी तुटलेली दाखवत होता.

ती गाडी त्याने घेतली नाही. आता तो मागील आसन असलेल्या, एकाच मालकाच्या गाडीच्या शोधात आहे, आणि कर्नाटकातच नोंदलेली हवी अशी त्याची अट आहे. एक बेळगावला आहे असे कळते. पावसाळा संपल्यावर पाहावयास जाऊ.